कानाने सोडवायची कोडी

दिवाळीची सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी, शेवटच्या तासाला, वर्गात धडा शिकवू पाहणारी शिक्षिका एक तर नवशिकी असली पाहिजे, नाही तर निर्दय. मी दोन्ही नाही. त्या तासाला आमच्या वर्गात कोडी घालायची, असा गेल्या कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. कोडी शब्दांच्या आवाजावर चालणारी. बाईंनी फळा पुसायला सांगितला. मुलाने एका अक्षरात प्रश्न विचारला, बाईंनी दोन अक्षरांत हुकूम सोडला. दोघांचे मिळून शेतात काय पिकले? ‘का?’ ‘पूस!’ म्हणजे कापूस.

दिवाळी अंकाची पाने असल्या पोरखेळावर खर्ची घालावीत काय, असे कोणी विचारील. पण कविता जशी बरी आणि वाईट असते, तसे कोडेही असते. आणि ते पारखणाऱ्याची परीक्षा त्यात होते ती वेगळीच. माझी एकदा झाली आहे. ते पुढे सांगते.

आम्ही नाहूरचे. अलीकडे भांडुप, पलीकडे मुलुंड. त्यामुळे मुलांच्या कोड्यांत स्टेशनांची गर्दी फार. ‘कोणत्या गाडीत बसले असता माणसाचे कल्याण होते?’ हे दर वर्षी कोणी तरी घालतोच, आणि दर वर्षी त्याला मागच्या बाकावरून ओरड मिळते. ती योग्यच आहे. एका शब्दाचे दोन अर्थ शब्दकोशातच शेजारी शेजारी बसलेले असले, तर सोडवणाऱ्याला उठून जायचे तरी कुठे? एकाने मात्र विचारले, ‘नरकचतुर्दशीच्या पहाटे पोरांना कोणत्या स्टेशनावर उतरवावे?’ उत्तर: नाहूर. ‘नाहू, र!’ वर्ग हसला. मी म्हटले, ‘नाहू झाले, हा उरलेला र कुणाचा?’ तो म्हणाला, ‘बाई, तो रे आहे. गर्दीत त्याची मात्रा पडली.’ समर्थन झकास; पण कोडे लंगडेच. शब्द मोडल्यावर एकही अक्षर हातात उरता कामा नये, हा माझा पहिला दंडक.

‘इथून पाचव्या स्टेशनावरची गल्ली वर्षातून एकदा प्रत्येकाच्या घरी येते, ती कोणती?’ मुलुंड, ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा. दिव्याची आळी, दिवाळी! इथे काही उरत नाही. शिवाय गंमत अशी की दिवाळी हा शब्द दीपावलीवरूनच आलेला, म्हणजे दिव्यांची ओळ. आणि आळी म्हणजे तरी काय, घरांची ओळच. पोराने थट्टेने शब्द मोडला, तो नेमका व्युत्पत्तीच्या शिवणीवर उसवला.

पण माझ्या मते आजवरचे उत्तम कोडे ‘माहेर’ हे होय. ‘आई आणि गुप्त बातमीदार एकाच घरात कुठे राहतात?’ मा आणि हेर. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही फोड साफ खोटी आहे. तरीही सासरहून आलेली लेक उंबरठ्यावर पाऊल ठेवते न ठेवते, तोच तिच्या चेहऱ्यावरून सारे काही हेरणारी आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही खोटी फोड खऱ्याहून खरी वाटेल. हे कोडे घालणारी मुलगी बारा वर्षांची होती. तिला हे एवढे सगळे अभिप्रेत नसेल; पण शब्दाला होते.

शास्त्रकारांनी या खेळाला कमी लेखलेले नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकांचे, म्हणजे कोड्यांचे, सोळा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला पहिलाच, ‘समागता’, म्हणजे शब्द एकमेकांना चिकटल्यामुळे अर्थ झाकला जातो तो. आमच्या ‘कापसा’चे कुळ हेच. अशा कोड्यांचा उपयोग काय, तेही तो सांगतो: मित्रमंडळींत करमणूक, चारचौघांत गुपित बोलणे आणि दुसऱ्याला बुचकळ्यात टाकणे. शाळेच्या व्याकरणात याला आपण सभंग श्लेष म्हणून पाच गुणांपुरते ओळखतो. आपल्याकडे उखाणा हा शब्दही केवळ नाव घेण्यापुरता नव्हता. कोड्यालाही उखाणा म्हणत, हुमाण म्हणत. मोरोपंतांनी तर ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचले. त्या कसरतीपुढे मी हात जोडते; पण तिथे घाम कवीला येतो, श्रोता नुसता मान डोलावतो. कोड्यात श्रोत्याच्या कानाला कष्ट पडतात, म्हणून ते मला अधिक लोकशाहीचे वाटते.

आता माझ्या चुकीकडे येते. काही वर्षांपूर्वी मी या तासाला बक्षीस ठेवले होते: एक शाईचे पेन. एका हुशार मुलाने चिठ्ठीवर लिहून आणलेले कोडे मला दिले. ‘जरा येते आणि पुरता मुक्काम ठोकते, ती कोण?’ उत्तर: जरा, म्हणजे म्हातारपण. मी खूष झाले. संस्कृत शब्द, नीटस वाक्य. त्यानंतर शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने चिठ्ठी आणली नव्हती. म्हणाली, ‘चाळीस शेर घाला, एक होतं. चाळीस लाडू घाला, तरी भरत नाही. काय ते?’

वर्ग गप्प. उत्तर तिनेच सांगितले: ‘मन.’

१९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली आणि शेर-मण बाजारातून उठून गेले. पण तिच्या आजीच्या बोलण्यात ते शिल्लक असावेत. चाळीस शेरांचा एक मण. आणि मन तर लाडवांनी काय, कशानेच भरत नाही. मी मात्र खडू उचलला, फळ्यावर ‘मण’ आणि ‘मन’ असे दोन शब्द लिहिले आणि म्हटले, ‘हे दोन वेगळे शब्द आहेत. बाणातला ण आणि नळातला न. कोडे चुकले.’ पेन मुलाला गेले. ती खाली बसली. पुढे वर्षभर तिने कोडे घातले नाही. आणि दुसऱ्या वर्षी तिचे कुटुंब दुसरीकडे राहायला गेले.

कोकणात, देशावर, वऱ्हाडात कित्येक घरांत ण उच्चारला जात नाही. तिथे पाणी ‘पानी’च असते. तिच्या कानाला ते दोन्ही शब्द तंतोतंत एकच होते. उलट त्या मुलाचे ‘जरा’ कागदावर एक दिसते, पण म्हणून पाहा! थोडेसे या अर्थाच्या ‘जरा’तला ज जिभेने दाताजवळचा, ‘जहाजा’तला, म्हातारपणाच्या ‘जरे’तला ज टाळूचा, ‘जीवना’तला. म्हणजे जे कोडे कानाला चुकत होते त्याला मी बक्षीस दिले, आणि जे कानाला बिनचूक होते ते डोळ्यांनी वाचून नापास केले.

हे माझ्या ध्यानात आले ते फार उशिरा. माझे शिक्षण मॅट्रिकचे, संस्कृत तेवढ्यापुरतेच. शेजारच्या एका वृद्ध शास्त्रीबुवांकडून मी साहित्यशास्त्राचे थोडेफार समजावून घेत असे. एकदा त्यांनी विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’तील यमकाचे प्रकरण काढले. ग्रंथ चौदाव्या शतकातला. त्यात सवलत दिली आहे की यमकादी अलंकारांत ड आणि ल, ब आणि व, ल आणि र यांना एकच समजावे. मी तिथेच थांबले. पंडितांना आपल्या खेळासाठी तीन जोड्या माफ. आणि माझ्या वर्गातल्या पोरीला न-ण ची एक जोडी माफ नव्हती!

यावर माझे सहकारी म्हणतात, ‘मग उद्या शुद्धलेखनात पानी लिहिले तर?’ तर मी गुण कापीन. शुद्धलेखन ही लिहिण्याची बाब आहे, सगळ्या महाराष्ट्राला एकमेकांचे वाचता यावे म्हणून मान्य केलेली. कोडे ही ऐकण्याची बाब आहे. कोड्याच्या दरबारात शुद्धलेखनाची वही पुरावा म्हणून दाखल करून घेणे, ही माझी चूक होती, मुलीची नव्हे. माझे दोन्ही दंडक लावून पाहा: तिच्या कोड्यात अक्षर एकही उरत नाही, आणि वजनाचा मण व न भरणारे मन एकमेकांजवळ आले की एक जुनीच गोष्ट नव्याने कळते. ‘माहेरा’च्या शेजारी ते बसले असते. त्या मुलाच्या ‘जरे’ला मी आज उत्तेजनार्थ ठेवीन.

यंदा सुटीच्या आदल्या दिवशी ते कोडे मीच घातले. मुद्दाम फळ्यावर लिहिले नाही, तोंडाने सांगितले. आणि ते माझे नाही हेही सांगितले. चाळीस लाडवांपर्यंत मी पोचते तोच खिडकीजवळचा एक मुलगा ओरडला, ‘मन!’ मग वर्गाने ते वहीत उतरवायला घेतले, आणि तोच मुलगा पेन्सिल थांबवून विचारू लागला, ‘बाई, न लिहू की ण?’

मी म्हटले, ‘पुन्हा एकदा म्हणून दाखव बघू.’