बिनवारसी ठेव

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संगीतातले मला एवढेच कळते की, तबल्याशेजारी डग्गा असतो. तेव्हा या टीकेला बँकेतला शेरा समजून वाचकांनी सही करावी.

गेल्या वीस मार्चला पोलादपूरहून एसटीत उभ्याने महाडला गेलो. १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, म्हणून त्या दिवशी गाव माणसांनी आणि गाण्यांनी भरते. इतकी वर्षे मी खिडकी लावून आकडे जुळवत बसलो. या खेपेला आदल्या रात्री भाच्याने अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे ब्लूज ऐकवले होते. त्यामुळे कान उघडे राहिले.

ब्लूजची मांडणी सोपी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीने हिशेब पुरा करायचा. तळ्यावर वामनदादा कर्डकांचे गाणे चालले होते. तिथेही धृपद फिरून येते, पण ते उचलते गर्दी. बेसी स्मिथ आपले दुःख एकटी सांगते. वामनदादा ‘मी’ म्हणतात तिथे शे-दोनशे माणसे जामीन राहतात. दोष आहेत. हजारो गाणी लिहिली, त्यांतली काही सभेतल्या सूचनांसारखी वाटतात. पण सिनेमाची चाल उसनी घ्यावी आणि मुद्दल संपूर्ण स्वतःचे घालावे, हा व्यवहार भल्याभल्या कवींना जमलेला नाही. तेही मोठेपणी अक्षरे शिकलेल्या, मजुरी केलेल्या माणसाने!

शेजारच्या म्हातारबाबांना विचारले, ‘‘बाबा, गाणं कुणाचं?’’

‘‘आमचं.’’

मी हळहळलो. बेसी १९३७ साली गेली, तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७० उजाडले. वामनदादा २००४ साली गेले आणि इथे नाव आत्ताच पुसले! दहा वर्षे कुणी हात न लावलेली ठेव आम्ही रिझर्व्ह बँकेकडे पाठवतो. इथे ठेव रोज वापरात, खातेदार तेवढा गायब. मी ठेवणीतल्या आवाजात म्हणालो, ‘‘बाबा, हे गाणं वामनदादा कर्डकांचं.’’

म्हाताऱ्याने मला खालीवर न्याहाळले.

‘‘ते ठावं हाय. दादा आमचेच न्हवं? तुमी बँकेतले ना? किती वर्सं हाय महाडात?’’

‘‘वीस.’’

‘‘आन् तुमाला आज कळलं?’’

बिनवारसी कोण होते, ते माझ्या ध्यानात आले. मी निमूटपणे धृपद उचलले. बेसूरच, पण नोंद झाली.