नाताळातला बाप

गोड शेवटाचा सिनेमा लागला की आमच्या सौ.ला पाझर फुटतो आणि मला डुलकी लागते. म्हणून तिनं 2006 सालचा नॅन्सी मायर्सचा ‘द हॉलिडे’ लावला, तेव्हा मी उशी घेऊनच बसलो. लॉस एंजेलिसची एक बाई आणि इंग्लंडातल्या सरे परगण्यातली दुसरी, नाताळापुरती घरं बदलतात. (आम्ही शेजारी इडलीपात्र द्यायचं तरी तीनदा विचार करतो!)

इथवर नेहमीचंच. पण ज्यूड लॉच्या फोनवर कॅमेरॉन डियाझला ‘सोफी’, ‘ऑलिव्हिया’ अशी नावं दिसतात. म्हटलं, गडी रंगेल! निघाल्या त्याच्याच दोन चिमुरड्या. बायको वारलेली. हा बाप प्रेम एका कप्प्यात ठेवतो, पोरी दुसऱ्यात. मग चेहऱ्यावर नॅपकिन पांघरून तो त्यांना हसवतो, तिथं माझी झोप उडाली.

शेवटी मात्र दिग्दर्शिकाबाई निसटतात. नववर्षाच्या रात्री सगळे नाचतात. पण बिऱ्हाड लॉस एंजेलिसला की सरेला, पोरींच्या शाळेचं काय, पत्ता नाही.

तरी मला आमची आत्या आठवली. एकतिसाव्या वर्षी विधवा झाली, दोन मुलगे वाढवले. आम्ही तिला ‘धीराची’ ही पदवी देऊन मोकळे! तिला पुन्हा कुणी आवडलं होतं का, हे विचारायला एवढ्या गोतावळ्यात कुणाला सवड झाली नाही. आता आत्याच नाही.

“आज झोपला नाहीत?” सौ.नं विचारलं.

“उशी टोचत होती,” मी म्हटलं.