काहाल यांचा संशोधनोपदेश : एक परीक्षण

मज्जासंस्थेच्या अभ्यासकांत आजही वाचला जाणारा सांतियागो रामोन इ काहाल (१८५२–१९३४) यांचा संशोधनोपदेशपर ग्रंथ मूळ एका भाषणातून वाढला. माद्रिदच्या विज्ञान अकादमीत प्रवेश करताना, डिसेंबर १८९७ मध्ये, ते त्यांनी केले होते.

संशोधक घडतो तो असामान्य बुद्धीपेक्षा निर्धाराने, हा या ग्रंथाचा मूलसिद्धान्त होय. महत्त्वाचे प्रश्न सुटून गेले आहेत, थोरांच्या मतापुढे आपला पाड काय, ही नवशिक्याची भये काहाल एकेक करून दूर करतात. इच्छाशक्तीच्या विकारांवरील प्रकरण तर ग्रंथाचा प्राणच म्हणावे लागेल. केवळ ग्रंथांत बुडालेले, उपकरणांची पूजा बांधणारे, प्रयोग टाळून उपपत्ती रचीत बसणारे, ही त्यातील माणसे कोणत्याही विभागात ओळखीची वाटतील.

परंतु खुद्द काहाल यांचे चरित्र या सिद्धान्ताला पुरती साक्ष देत नाही. गोल्जी यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रौप्यरंजनपद्धतीचे सामर्थ्य त्यांना उमगले ते १८८७ मध्ये, लुइस सिमार्रो यांनी माद्रिदमध्ये आपल्या काचपट्ट्या दाखविल्या तेव्हा. दुहेरी रंजन आणि भ्रूणावस्थेतील ऊतकांची निवड ही पुढील वाटचाल त्यांची स्वतःची खरी. तथापि १८८९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत कोलिकर यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाने त्यांच्या काचपट्ट्या पाहिल्या, तेव्हाच त्यांच्या कार्याला युरोपात मान्यता लाभू लागली. निर्धाराला दाखविणारा हात आणि पारखणारा डोळा, दोन्ही लागले. ग्रंथाच्या अखेरीस गुरुकार्याचा विचार आहे. तरी ग्रंथाचा भर वैयक्तिक निर्धारावरच राहतो.

या उपदेशाची खरी कसोटी पुढे लागली. १९१३ मध्ये काहाल यांनी मज्जाऊतकातील काही पेशींना 'तिसरा घटक' असे संबोधिले होते. पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांतून सूक्ष्मग्लिया ही वेगळी पेशी सिद्ध केली, आणि १९२० मध्ये त्यांना काहाल यांच्या अधिपत्याखालील प्रयोगशाळा सोडावी लागली. त्यामागची कारणे केवळ शास्त्रीय नव्हती. तरीही थोरांपुढे दबू नका असे सांगणाऱ्या ग्रंथकाराच्या छायेतच हे घडले, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही.

म्हणून हा ग्रंथ विद्यार्थ्याने धैर्यासाठी वाचावा. मार्गदर्शकाने मात्र तो ग्रंथकाराच्या चरित्रासह वाचावा. कारण शिष्याला निर्भय होण्याचा उपदेश करणे सोपे, त्याची निर्भयता आपल्याच मतावर येऊन आदळली असता ती सोसणे अवघड.