प्रत काढली, परत मिळेल का?

निकालपत्रके, प्रश्नपत्रिकांचे संच, सहलींची छायाचित्रे, मुलांचे प्रकल्प. शिक्षकाच्या घरच्या संगणकावर दहा-पंधरा वर्षांचे काम साठलेले असते. ते ज्या हार्ड डिस्कवर असते ती कधी ना कधी बंद पडणार, हे नक्की. म्हणून राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, ठेवावा हे सर्वांना पटते. मात्र त्यासाठीचे सॉफ्टवेअर कशावरून निवडावे याबाबत बराच गोंधळ आढळतो. जाहिरातींचा भर असतो तो 'एका क्लिकमध्ये प्रत' यावर. आमच्या मते कसोटी दुसऱ्या टोकाकडून लावावी. संगणक बिघडल्यावर हवी ती फाईल किती खात्रीने परत मिळते? या कसोटीवर काही प्रचलित साधने तपासून पाहू.

तीन कामे, तीन साधने

पहिली गोष्ट, 'प्रत' या एका शब्दात तीन वेगळी कामे दडलेली आहेत. वहीचे उदाहरण घेऊ. वहीतले महत्त्वाचे धडे दुसऱ्या वहीत उतरवून घेतले, तर तो झाला फाईलींचा बॅकअप. संपूर्ण वहीची छायाप्रत काढून गठ्ठा बांधून कपाटात ठेवला, तर ती झाली डिस्कची इमेज. अशा इमेजा एकाच मोठ्या डिस्कवर अनेक ठेवता येतात. आणि हुबेहूब तशीच दुसरी वही तयार केली, की लगेच तीच वापरायला घ्यावी, तर तो झाला क्लोन.

क्लोनचे खरे काम स्थलांतराचे आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची असेल, तर विंडोजसकट सारे जसेच्या तसे नव्या डिस्कवर जाते. बॅकअप म्हणून मात्र क्लोन दुबळा ठरतो. तो एकाच दिवसाचे चित्र धरून ठेवतो, आणि पुढच्या क्लोनने ते पुसले जाते. काल एखादी फाईल खराब झाली असेल, तर आजच्या क्लोनमध्येही ती खराबच असणार.

थोडे गणित

समजा, डिस्क ५०० जीबीची आहे आणि भरलेली जागा ८० जीबी. बाहेरच्या डिस्कवर सेकंदाला १२० एमबी लिहिले जातात असे धरू. सगळी डिस्क बिट न् बिट उतरवली तर सुमारे ७० मिनिटे लागतील. फक्त भरलेली जागा उतरवली तर सुमारे ११ मिनिटे. आणि कालपासून बदललेले २ जीबीच उतरवले तर अवघी १७ सेकंदे! जुन्या यूएसबी २.० जोडणीवर वेग सेकंदाला ३५ एमबी धरला, तर पहिल्या कामाला चार तास लागतील. हे उदाहरण आठवीच्या वर्गातही देता येईल. त्यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो: ज्या बॅकअपला चार तास लागतात तो माणूस दोनदा घेतो आणि मग सोडून देतो.

साधनांची तपासणी

विंडोजमध्ये २०१२ सालापासून 'फाईल हिस्टरी' ही सोय आहे. बाहेरची डिस्क जोडली की ती दर तासाला बदललेल्या फाईलींच्या प्रती घेते आणि जुन्या आवृत्त्याही जपते. परीक्षेच्या आदल्या दिवशी चुकून पुसलेला तक्ता परत मिळवायला याहून सोपे साधन नाही. तिची मर्यादा अशी की ती ठरावीक फोल्डरांकडेच पाहते. आपल्याकडे महत्त्वाचे सारे 'डी ड्राइव्ह'वर ठेवण्याची पद्धत आहे. ते फोल्डर मुद्दाम समाविष्ट केले नाहीत तर त्यांची प्रत निघतच नाही. शिवाय सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. 'डी वर कॉपी आहे' हे समाधान म्हणूनच फसवे आहे.

विंडोजमधलीच संपूर्ण इमेज काढण्याची जुनी सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ साली मोडीत काढण्याच्या यादीत टाकली आणि इतरांचे सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला दिला. तिच्यावर नव्याने विसंबण्यात अर्थ नाही.

तैवानमधील राष्ट्रीय संगणन केंद्रात घडलेले 'क्लोनझिला' मोफत आहे आणि त्याचा प्रोग्रॅम कोणालाही तपासता येतो. ते फक्त भरलेली जागा उतरवते, त्यामुळे चपळ आहे. पण नवख्या माणसाला ते घाबरवते. पडद्यावर 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे येतात. मूळ कोणती आणि नवी कोणती यात गफलत झाली, तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर जाते. ते वापरताना संगणक पेनड्राइव्हवरून सुरू करावा लागतो, नेहमीचे काम थांबते. नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते. केवळ बदललेला भाग घेण्याची सोय नाही, आणि इमेजमधून एकच फाईल थेट काढता येत नाही. स्थलांतराला उत्तम, रोजच्या बॅकअपला गैरसोयीचे, असा आमचा अभिप्राय आहे. त्याच जातीचे 'रेस्क्यूझिला' माऊसने चालते, क्लोनझिलाच्या इमेजा वाचते, आणि म्हणून शिक्षकांना अधिक सोयीचे वाटेल. 'व्हीम एजंट'ची मोफत आवृत्ती विंडोज चालू असतानाच इमेज घेते, नंतर फक्त बदललेला भाग घेते आणि सुटी फाईलही परत देते. आमच्या कसोटीवर ती वरचढ ठरते.

सॉफ्टवेअरचेही आयुष्य असते

न्यूझीलंडमध्ये १९९५ साली तयार झालेले 'घोस्ट' एके काळी या क्षेत्राचा पर्याय-शब्द होते. 'नॉर्टन घोस्ट' या नावाने घरोघरी गेलेल्या त्या सॉफ्टवेअरची विक्री २०१३ मध्ये थांबली. 'मॅक्रियम रिफ्लेक्ट'ची मोफत आवृत्तीही अशीच मागे घेतली गेली; तिच्या सुरक्षा-दुरुस्त्या २०२४ च्या सुरुवातीला संपल्या. 'अॅक्रोनिस'सारखी साधने वार्षिक वर्गणीवर मिळतात. वर्गणी संपल्यावर जुन्या प्रती उघडतील का, हा प्रश्न विकत घेण्यापूर्वी विचारावा. ज्या पेटीची किल्ली दुसऱ्याच्या हाती, तिच्यात आयुष्यभराचे काम एकट्याने ठेवू नये. निदान फाईलींची एक साधी, कोणत्याही सॉफ्टवेअरविना उघडणारी प्रत वेगळी असावी.

मराठी शिक्षकांसाठी याला आणखी एक पदर आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या असंख्य प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या फाँटांत टंकलेल्या आहेत. फाईल सुखरूप आली आणि फाँट आला नाही, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. अशा फाईलींबरोबर फाँट जपावा, आणि त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून ठेवावे.

दोन प्रती म्हणजे किती सुरक्षितता?

एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता पन्नासात एक आहे असे समजू. दोन्ही डिस्क बिघडण्याची शक्यता मग अडीच हजारांत एक, असे गुणाकाराचा नियम सांगतो. पण हा नियम स्वतंत्र घटनांनाच लागू पडतो. दोन्ही डिस्क एकाच टेबलावर असतील तर वीज, पूर, चोरी त्यांच्यात भेद करत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा प्रचलित संकेत याच कारणाने शहाणपणाचा आहे. खंडणीखोर व्हायरस जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतात. म्हणून एक डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी.

अखेरची परीक्षा

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य विदागार पुसले गेले. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या. एकही अपेक्षेप्रमाणे कामी आली नाही. एक तर कित्येक दिवस गुपचूप अपयशी ठरत होती. सहा तासांपूर्वी चाचणीसाठी काढलेली एक प्रत होती म्हणून बाकीचे वाचले. व्यावसायिकांची ही गत, तर घरच्या संगणकाचे काय?

म्हणून आमची शिफारस अशी. रोजच्यासाठी फाईल हिस्टरी, महिन्यातून एकदा इमेज, आणि साध्या फाईलींची एक प्रत दुसऱ्या घरी. शिवाय प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला कोणतीही पाच कागदपत्रे बॅकअपमधून काढून, शक्यतो दुसऱ्या संगणकावर, उघडून पाहावीत. विद्यार्थ्याला धडा समजला की नाही हे आपण त्याची वही भरलेली पाहून ठरवत नाही, प्रश्न विचारून ठरवतो. बॅकअपलाही तोच न्याय लावावा.