खेळणाऱ्याचा हात आणि पाहणाऱ्याचा डोळा : ‘द लास्ट ऑफ अस’चे माध्यमांतर आणि चाहत्यांची चर्चा

बीजशब्द : व्हिडिओ गेम, माध्यमांतर, चाहते, साधारणीकरण, नैतिक उत्तरदायित्व

प्रस्तावना :

कादंबरीचे नाटक होणे, नाटकाचा चित्रपट होणे ही मराठी रसिकाच्या परिचयाची गोष्ट आहे. अशा वेळी चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : नवी कृती मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक आहे? व्हिडिओ गेमवरून दूरचित्रवाणी मालिका तयार होऊ लागल्यावर या प्रश्नाला एक निराळी बाजू प्राप्त झाली. कादंबरी वाचली जाते, नाटक पाहिले जाते. गेम मात्र खेळावा लागतो. त्यातील कृती खेळणाऱ्याच्या हाताने घडते. ही कृती मालिकेत आल्यावर तिचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

त्यासाठी ‘द लास्ट ऑफ अस’ या कृतीची निवड केली आहे. नॉटी डॉग या अमेरिकन संस्थेने तयार केलेला हा गेम जून २०१३ मध्ये प्रकाशित झाला. त्याचे लेखन व सर्जनशील दिग्दर्शन नील ड्रकमन यांचे, तर खेळाचे दिग्दर्शन ब्रूस स्ट्रेली यांचे होते. त्याचा दुसरा भाग जून २०२० मध्ये आला. क्रेग मेझिन आणि ड्रकमन यांनी निर्माण केलेल्या एचबीओ मालिकेचे पहिले पर्व जानेवारी ते मार्च २०२३ मध्ये व दुसरे पर्व एप्रिल ते मे २०२५ मध्ये प्रसारित झाले.

उद्दिष्टे :

१. गेम आणि मालिका यांतील निवडक प्रसंगांची तुलना करणे.
२. चाहत्यांच्या चर्चेतील प्रमुख वादविषयांचे स्वरूप तपासणे.
३. या वादांच्या मुळाशी असलेला आस्वादविषयक प्रश्न स्पष्ट करणे.

सैद्धांतिक भूमिका :

लिंडा हचन यांनी ‘अ थिअरी ऑफ अ‍ॅडाप्टेशन’ (२००६) या ग्रंथात कथेशी जोडले जाण्याच्या तीन रीती सांगितल्या आहेत : सांगणे, दाखवणे आणि सहभागी करून घेणे. गेमवरून मालिका होते तेव्हा कथा तिसऱ्या रीतीकडून दुसरीकडे येते. हेन्री जेंकिन्स यांनी ‘टेक्स्चुअल पोचर्स’ (१९९२) मध्ये चाहता हा केवळ ग्राहक नसून अर्थनिर्मितीत भाग घेणारा वाचक असतो, असे प्रतिपादन केले. या दोन्ही भूमिका येथे उपयुक्त आहेत. तथापि आपल्या काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची संकल्पना या प्रश्नाच्या अधिक जवळ जाते. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने विकसित केलेल्या या विचारानुसार रंगभूमीवरील भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही. व्यक्तिगत संबंधातून मुक्त झाल्यामुळेच सहृदयाला त्याचा आस्वाद घेता येतो. मग जेथे आस्वादकच कृती करतो, तेथे ही मुक्ती शक्य आहे काय?

रुग्णालयातील प्रसंग :

कॉर्डिसेप्स या बुरशीच्या संसर्गाने मानवी संस्कृती कोसळून वीस वर्षे झाली आहेत. जोएल हा मुलगी गमावलेला बाप एली या संसर्गाला दाद न देणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला अमेरिकेच्या एका टोकाकडून दुसरीकडे नेतो. सॉल्ट लेक सिटी येथील रुग्णालयात त्याला कळते, की लस तयार करण्यासाठी एलीच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होणार आहे आणि त्यात ती वाचणार नाही. तिची संमती कोणी घेतलेली नाही. जोएल सशस्त्र रक्षकांना व शल्यचिकित्सकाला ठार करून तिला बाहेर काढतो आणि पुढे तिच्याशी खोटे बोलतो.

कथानक दोन्ही माध्यमांत जवळजवळ सारखेच आहे, परंतु अनुभव सारखा नाही. गेममध्ये रुग्णालयाचे मजले खेळाडूलाच पार करावे लागतात. शस्त्रक्रियागृहात चिकित्सक वाट अडवून उभा असतो. त्याला सोडून देण्याचा पर्याय खेळाडूपुढे ठेवलेला नाही. त्याला मारल्याखेरीज कथा पुढे सरकत नाही. म्हणजे निर्णय जोएलचा, पण हात खेळाडूचा. मालिकेत हाच प्रसंग करुण संगीताच्या पार्श्वभूमीवर येतो. गोळीबाराचे आवाज दबलेले असतात, जोएलचा चेहरा भावशून्य असतो. प्रेक्षक या हत्याकांडाचा साक्षीदार होतो, कर्ता होत नाही.

चाहत्यांचा सर्वांत दीर्घकाळ चाललेला वाद याच प्रसंगाविषयी आहे. जोएलचे कृत्य समर्थनीय होते काय? लस खरोखर तयार झाली असती काय? एकच शल्यचिकित्सक, मोडकळीस आलेले रुग्णालय, संस्थेची एकंदर दुरवस्था असे अनेक मुद्दे मांडून लस अशक्यच होती, असे अनेक चाहते सिद्ध करू पाहतात. लस तयार होऊ शकली असती, हाच आपला हेतू होता, असे ड्रकमन यांनी २०२५ मध्ये सांगितले. तरी हा युक्तिवाद थांबलेला नाही. तो थांबणार नाही, कारण तो मूलतः वैद्यकशास्त्राविषयी नाही. लस अशक्य ठरली की जोएल निर्दोष ठरतो आणि जोएल निर्दोष ठरला की खेळाडूचा हातही स्वच्छ होतो. मालिकेचा प्रेक्षकही ही शंका काढतो, हे खरे. पण तो दुसऱ्याची वकिली करीत असतो. खेळाडू स्वतःची बाजू मांडत असतो.

बिल आणि फ्रँक :

माध्यमांतराने केवळ काही गमावले असे म्हणणे मात्र एकांगी ठरेल. गेममध्ये बिल हा एकाकी, संशयी मनुष्य आहे. त्याचा जोडीदार फ्रँक त्याला सोडून गेलेला असतो. खेळाडूला त्याचे प्रेत आणि एक कडवट चिठ्ठी सापडते. या नात्याचे स्वरूप सूचकपणेच कळते. मालिकेच्या तिसऱ्या भागात निक ऑफरमन आणि मरे बार्टलेट यांनी हीच पात्रे साकारली आणि कथा पूर्णपणे पालटली. येथे दोघे वर्षानुवर्षे एकत्र संसार करतात आणि फ्रँकच्या आजारपणानंतर स्वेच्छेने एकत्र मृत्यू स्वीकारतात.

काही चाहत्यांनी हा भाग मूळ कथेपासून ढळलेला म्हणून नाकारला. समलिंगी प्रेमाविषयीच्या पूर्वग्रहातून आलेला विरोधही त्यात होता. पुष्कळांनी मात्र तो संपूर्ण मालिकेतील श्रेष्ठ भाग मानला. गेममधील कथा खेळाडूच्या पात्राला चिकटून चालते. जेथे जोएल नाही, तेथे तिला सहसा जाता येत नाही. मालिकेचा डोळा मात्र कोठेही जाऊ शकतो. सुमारे सोळा वर्षांचे सहजीवन दाखवणे हाताच्या कक्षेबाहेरचे होते, डोळ्याच्या कक्षेत होते. या भागात साधारणीकरण पूर्णत्वाने घडते, कारण तेथे प्रेक्षकावर कोणतीही जबाबदारी येत नाही.

अ‍ॅबी आणि रागाचे स्वरूप :

दुसऱ्या गेममध्ये त्या शल्यचिकित्सकाची मुलगी अ‍ॅबी जोएलला ठार मारते. सूड घेण्यासाठी एली सिएटलला जाते. कथेच्या मध्यावर खेळाडूच्या हाती अ‍ॅबीचे पात्र दिले जाते आणि काही तासांनी अ‍ॅबी होऊन एलीशीच लढावे लागते. अ‍ॅबीच्या सूडाचे कारण खेळाडूला बऱ्याच उशिरा कळते. मालिकेच्या दुसऱ्या पर्वाने हे कारण आरंभीच उघड केले. गेम आधी द्वेष करायला लावतो आणि मग त्या द्वेषाचा जाब विचारतो. मालिका आधी कारण सांगते, त्यामुळे द्वेषाला तेवढी धार येत नाही. मालिकेतील अ‍ॅबी प्रेक्षकाला समजते. गेममधील अ‍ॅबी खेळाडूला सोसावी लागते.

अ‍ॅबीच्या देहयष्टीवरील वादही या दृष्टीने बोलका आहे. गेममधील अ‍ॅबी पिळदार शरीराची आहे, मालिकेत ती भूमिका करणाऱ्या केटलिन डेव्हर तशा नाहीत. गेममध्ये अ‍ॅबी खेळताना एलीहून वेगळी वाटणे आवश्यक होते, मालिकेत ती गरज नव्हती, असे स्पष्टीकरण ड्रकमन यांनी दिले. चाहत्यांना जे व्यक्तिचित्रण वाटले, ते अंशतः खेळाचे तंत्र होते.

दुसऱ्या गेमविषयीच्या चर्चेची काळी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. पूर्ण होण्यास वीसहून अधिक तास लागणाऱ्या या गेमला प्रकाशनानंतर काही तासांतच मेटाक्रिटिकवर शून्य गुणांचा पूर आला. जुलै २०२० मध्ये त्या संकेतस्थळाने नव्या गेमच्या वापरकर्त्यांच्या परीक्षणांसाठी ३६ तासांचा प्रतीक्षाकाळ लागू केला. अ‍ॅबीचे पात्र साकारणाऱ्या लॉरा बेली यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. एली साकारणाऱ्या बेला रॅमसी यांच्या रूपावरही अशोभनीय टीका झाली. न खेळता शून्य देणाऱ्याला कृतीच्या ओझ्याची सबब सांगता येत नाही. पात्र आणि अभिनेत्री यांतील भेदच ज्याला उरला नाही, त्याच्या बाबतीत साधारणीकरणाचा संपूर्ण लोप झालेला आहे. जेंकिन्स यांनी गौरविलेल्या सहभागी चाहत्याची ही मर्यादा होय.

निष्कर्ष :

१. ‘द लास्ट ऑफ अस’विषयीची चाहत्यांची चर्चा वरवर प्रामाणिकतेविषयी असली, तरी तिचा गाभा उत्तरदायित्वाचा आहे. ‘त्याने काय केले?’ आणि ‘माझ्याकडून काय करविले गेले?’ हे दोन भिन्न प्रश्न तीत एकत्र मिसळले आहेत.
२. मालिकेत साधारणीकरण साधते. गेममध्ये ते हेतुपुरस्सर अडविले जाते. हा अडथळा हेच या गेमचे कलात्मक सामर्थ्य आहे.
३. म्हणून दोन्हींचे मूल्यमापन एकाच निकषाने करणे उचित नाही. बिल-फ्रँकचा भाग मालिकेने उंचावला, रुग्णालयाचा आणि अ‍ॅबीचा प्रसंग गेमच्या हातीच अधिक दाहक राहिला.

समारोप :

मराठी समीक्षेने व्हिडिओ गेमकडे प्रामुख्याने मुलांच्या सवयीचा प्रश्न म्हणून पाहिले आहे. परंतु ज्या कलाप्रकारात रसिकाला आस्वादाबरोबर अपराधाचाही वाटा घ्यावा लागतो, त्याचा विचार समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र यांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकाला मोकळे होता येणार नाही. सहृदयाची आपली संकल्पना प्रेक्षागृहात बसलेल्या रसिकासाठी घडली होती. रंगमंचावर चढवून ज्याच्या हाती शस्त्र दिले गेले आहे, त्या रसिकासाठी तिची फेरमांडणी करणे हे आजच्या अभ्यासकांपुढील कार्य आहे.