लावणीचा देह आणि पडद्याची चौकट

प्रसारमाध्यमे आणि स्त्रीची देहप्रतिमा या विषयावर आपल्याकडे होणाऱ्या लेखनाचा मार्ग बहुधा ठरलेला असतो. नेओमी वुल्फ यांच्या १९९० मधील 'द ब्यूटी मिथ'पासून आरंभ, १९९४ मधील सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय यांच्या विजयांचा उल्लेख आणि गोरेपणाच्या मलमांच्या जाहिरातींवर शेवट. हे विवेचन चुकीचे नाही. परंतु ते यवतच्या वेशीपाशी अपुरे पडते. ग्रामीण महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत हमखास टाळ्या घेते ती लावणी, आणि ती बहुधा चित्रपटातील असते. यवतहून सोलापूरच्या दिशेने थोडे पुढे गेले की तमाशा थिएटरांसाठी ख्यात असलेला चौफुला लागतो. तेथील संगीत बारीच्या परंपरेत स्त्रीदेहाचे मोजमाप वेगळे होते. या दोन मोजमापांतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

बैठकीच्या लावणीत कलावती बसून गाते आणि बसूनच अदा करते. भुवई, हाताची बोटे, पदराचे टोक एवढ्यावर एकाच ओळीचे अनेक अर्थ उलगडले जातात. येथे कमरेचा घेर गौण ठरतो आणि वय हे वैगुण्य न राहता भांडवल होते. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. त्यांच्या कलेची थोरवी तारुण्यावर अवलंबून नव्हती.

चित्रपटाने लावणीतून नेमके हेच वगळले. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'पासून १९७२ च्या 'पिंजरा'पर्यंत नायिकेच्या नृत्याला कथेत काही वजन तरी होते. २०१० मध्ये प्रदर्शित झालेला रवी जाधव यांचा 'नटरंग' या दृष्टीने अधिक विचार करायला लावतो. आनंद यादव यांच्या कादंबरीवरील हा चित्रपट मुळात देहाविषयीच आहे. पहिलवानी बांध्याचा गुणा नाच्या होतो, त्याचे शरीर आणि त्याबरोबर त्याची प्रतिष्ठा बदलते. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी स्वतःचे शरीर घडवले आणि मोडले. पुरुषदेहाची ही घालमेल दिग्दर्शकाने गांभीर्याने मांडली आहे. मात्र त्याच चित्रपटातील नर्तिकांच्या देहाला असा कोणताही प्रश्न विचारला जात नाही. तो आरंभापासून सडपातळ, उजळ आणि तयार असतो. सोनाली कुलकर्णी व अमृता खानविलकर यांच्या नृत्यकौशल्याविषयी शंका नाही. आक्षेप आहे तो चौकटीवर. लोकांच्या स्मरणात गुणाची व्यथा किती राहिली हे सांगणे कठीण, पण 'अप्सरा' मात्र घरोघरी पोहोचली.

अर्थात बारीचा फड म्हणजे मुक्तीचे स्थान होते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या आपल्या निबंधात लावणी कलावतींच्या देहावर जात आणि सत्ता यांचा ताबा कसा राहिला हे दाखवून दिले आहे. दौलतजादा करणारी नजर निरागस नव्हतीच. याच जिल्ह्यातील विठाबाई नारायणगावकर यांनी भर गरोदरपणात नाचून, रंगमंचामागे बाळंत होऊन पुन्हा फडावर उभे राहिल्याची हकिगत कौतुकाने सांगितली जाते. त्या कौतुकात पोटाची सक्ती विसरली जाते. तरीही त्या नजरेला प्रौढ, भरलेला, सावळा देह वर्ज्य नव्हता, हा फरक नोंदवावाच लागतो.

आता बारीवरही चित्रपटगीतांची फर्माईश होते. ज्या कलावतींकडून पडद्याने लावणी घेतली, त्यांनाच पडद्यावरील देहाच्या तुलनेत उभे राहावे लागते. प्रौढ कलावतीला ही तुलना रोजगाराच्या भाषेत समजते. महाविद्यालयात ती अधिक सौम्य रूपात येते. समूहलावणीची निवड होताना तालाची उत्तम जाण असलेली स्थूल विद्यार्थिनी मागच्या रांगेत जाते किंवा 'तू निवेदन कर' असे तिला सांगितले जाते. निवड करणारे आपणच प्राध्यापक असतो. देहप्रतिमेवरील आपल्या प्रश्नावल्यांत दूरदर्शन किती तास पाहता, कोणती प्रसाधने वापरता, असे प्रश्न असतात. या रांगेविषयीचा प्रश्न सहसा नसतो.