‘आक्स’ आणि ‘म्यां’ : अशुद्धतेचा प्रश्न

बेंगळुरूच्या बेळ्ळंदूर भागात नाना प्रांतांतील माणसांचा पुष्कळसा परस्परव्यवहार इंग्रजीतून चालतो. तेथे कोणी ‘आस्क’ऐवजी ‘आक्स’ म्हटले, तर ऐकणारा त्यास सहज अशिक्षित ठरवील. वस्तुतः हे रूप अज्ञानातून जन्मलेले नाही. प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाची दोन्ही रूपे नांदत होती. चॉसरच्या लेखनात ती दोन्ही आढळतात आणि 1535 च्या कव्हरडेलकृत बायबलातही ‘आक्स’ आहे. पुढे प्रमाण लेखनाने एकाची निवड केली. दुसरे बोलींत उरले. त्याची हीनता व्याकरणाने नव्हे, प्रतिष्ठेने ठरविली.

मराठीतील ‘म्यां’ची कथा फारशी निराळी नाही. ज्ञानेश्वरीतील ‘मियां’ हे तृतीयेचे रूप. करणारा ‘मी’ आणि ज्याच्याकडून कार्य घडले तो ‘मियां’, असा स्पष्ट भेद त्या भाषेत होता. प्रमाण मराठीने ‘मी केले’ स्वीकारून तो भेद पुसला. 1962 साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढल्यावर ‘म्यां’चे ‘म्या’ झाले. आज छापील पानावर ते बहुधा खेडुताच्या तोंडीच दिसते.

तथापि प्रत्येक बोलीरूप प्राचीन असते, असे मानणे भाबडेपणाचे होईल. ‘नुसकान’ हे ‘आक्स’प्रमाणेच वर्णविपर्ययाचे उदाहरण, परंतु मूळ अरबी शब्दाला जवळचे रूप ‘नुकसान’ हेच आहे. म्हणून बोलीचा कैवार केवळ प्राचीनत्वाच्या आधारावर घेता येणार नाही. रूप जुने असो वा नवे, ते कोणत्या भाषाव्यवहारात नियमाने वावरते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

समीक्षेच्या दृष्टीने येथे दोन कर्तव्ये निष्पन्न होतात. जुन्या काव्याच्या संपादकाने सुबोधतेसाठी ‘मियां’च्या जागी ‘मी’ घातला, तर अर्थ कदाचित टिकेल. परंतु छंदाचे माप बिघडेल, विभक्ती लोपेल आणि ग्रंथाच्या कालनिर्णयाचा एक पुरावाही नष्ट होईल. दुसरे असे, की ग्रामीण कथेत निवेदकाने शुद्ध ‘मी’ वापरावा आणि पात्राच्या तोंडी ‘म्या’ केवळ हसू आणण्यासाठी घालावा, ही विभागणी वास्तवदर्शन नव्हे. तो वाचकाच्या प्रतिष्ठेचा अनुनय होय. ज्या लेखकाच्या हाती ‘म्या’ त्या माणसाच्या जाणिवेचे व्याकरण होऊन येते, त्याचीच बोली साहित्यात जिवंत ठरते.